ईर, नीर, पाणी

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी किंवा केळापूर तालुक्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडावरचे, म्हणजे वस्तीवरचे, मूल पाण्याला ‘ईर’ म्हणत वाढते. सहाव्या वर्षी ते शाळेत येते आणि फळ्यावर ‘पाणी’ वाचायला शिकते. ते त्याने शिकलेच पाहिजे. पण ‘ईर’ हा शब्द वर्गात कोणी तोंडातूनही काढत नसेल, तर मराठीसोबत ते आणखी एक गोष्ट शिकते: घरची भाषा पोडावरच ठेवून यायची.

यवतमाळ जिल्हा कधीच एका भाषेचा नव्हता. पैनगंगा ओलांडली की आदिलाबादची तेलुगू सुरू होते. पांढरकवड्याच्या बाजूला कोलामी आणि गोंडी, पुसद-दिग्रसच्या बंजारा तांड्यांवर गोरमाटी, गावोगावच्या मोहल्ल्यांत उर्दू. 1963 ते 1975 अशी सलग मुख्यमंत्री म्हणून राज्याची धुरा वाहणारे वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे, आईला ‘याडी’ म्हणणाऱ्या बंजारा समाजातले.

अनेक भाषा-संस्कृतींनी एकत्र कसे नांदायचे, हा प्रश्न युरोपला वेगळ्या वाटेने भेटला. 2010 साली जर्मनीच्या चान्सलर अँगेला मर्केल यांनी बहुसांस्कृतिक समाजाचा प्रयोग फसल्याचे जाहीर केले. त्याआधी दोन वर्षे, 2008 मध्ये, युरोप परिषदेने आंतरसांस्कृतिक संवादावर श्वेतपत्रिका काढली होती. नवागतांनी आपली ओळख पुसून बहुसंख्याकांत विरघळावे, हे तिला मान्य नव्हते. समाजांनी शेजारी राहूनही एकमेकांकडे पाठ करून बसावे, हेही नव्हते. दोघांनी एकमेकांकडून शिकावे आणि ते शिक्षण शाळेपासून सुरू व्हावे, असा तिचा आग्रह होता.

आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. राज्यघटनेचे कलम 350-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगते. 2009 चा शिक्षण हक्क कायदाही शक्य तेथवर मातृभाषेचाच पुरस्कार करतो.

मात्र या तरतुदींची नजर कोलाम मुलावर आहे. शेजारच्या बाकावरच्या मराठी मुलाने काय शिकायचे? ‘विशेष असुरक्षित आदिवासी गट’ ही कोलामांची सरकारी नोंद त्याला पुढे स्पर्धा परीक्षेत पाठ करावी लागेल. कोलाम वर्गमित्र पाण्याला काय म्हणतो, हे बहुधा कधीच कळणार नाही. नागरिक म्हणून ही उणीव त्याची आहे, कोलाम मुलाची नव्हे.

मोठेपणी ही उणीव महागात पडते. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. इंग्रजी लेखिका उद्घाटक नको, असा विरोध झाला आणि नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले. त्यांचे वडील रणजित पंडित मराठी घराण्यातले. ‘राजतरंगिणी’ इंग्रजीत नेणारे. दोन भाषांमध्ये ये-जा करणाऱ्या घरातली पाहुणी मराठीच्या दारातून परत गेली.

पोटापाण्यासाठी मराठी आणि इंग्रजीच लागणार, मग कोलामीत वेळ कशाला, असे विचारले जाते. काळजी खरी आहे. पण नवी भाषा ओळखीच्या भाषेचा हात धरूनच येते, आणि यासाठी वेगळा विषय नको, आठवड्याची एक तासिका पुरे. कोलामी ही द्राविडी कुळातली. तिचा ‘ईर’ आणि तमिळचा ‘नीर’ एकाच मुळाचे. संस्कृतातून मराठी कवितेत आलेला ‘नीर’ही मुळात द्राविडीच असावा, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. ‘ईर’, ‘नीर’, ‘पाणी’ हे तीन शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिले, तर त्या तासाला कोलाम मूल सांगणारे असेल आणि मराठी मूल विचारणारे: ‘घराला काय म्हणता रे तुम्ही?’