संकासुराचा अपराध

पावसाळा सरून मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या टापूत जत्रांचा हंगाम सुरू झाला, की देवळाच्या आवारात रात्री दशावतार हे लोकनाट्य उभे राहते. आणि मुख्य आख्यानापूर्वी जो आडदशावतार होतो त्यात काळ्या वेषातला संकासूर येऊन मालवणीतून लोकांना पोट धरून हसवतो. हसण्याच्या भरात त्याच्या अपराधाचे स्वरूप मात्र आपल्या ध्यानी येत नाही. सृष्टीतील एकही वस्तू त्याने मोडलेली नसते; ज्या वेदांच्या आधाराने ब्रह्मदेव सृष्टी घडवतो ते वेद तेवढे त्याने पळवलेले असतात, आणि एवढ्यासाठी प्रत्यक्ष विष्णूला त्याचा वध करावा लागतो. निर्मितीचे मूळ ज्याच्या ताब्यात, त्याच्या मर्जीवर सारी निर्मिती, हा जो अर्थ या कथेत आहे तो आजच्या संगणकयुगाला विलक्षण लागू पडतो.

उदाहरणादाखल १९९३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेला ‘डूम’ हा अमेरिकन व्हिडिओ गेम घ्यावा. त्याच्या ‘नाइटमेअर’ या सर्वांत कठीण पातळीवर मारलेला राक्षस काही वेळाने पुन्हा जिवंत होतो, गेमच्या परिभाषेत ‘रीस्पॉन’ होतो. आणि खेळणाऱ्याला ही केवळ दैवगती वाटते. २३ डिसेंबर १९९७ रोजी या खेळाचे एक कर्ते जॉन कार्मॅक यांनी त्याचा सोर्स कोड, म्हणजे खेळ ज्या लिखित सूचनांवर चालतो ती संहिता, जाहीर केला, तेव्हा या दैवाचा सारा तपशील वाचणाऱ्यापुढे उघडा झाला. राक्षस पडल्यावर किमान १२ सेकंद जावे लागतात. नंतर सेकंदाहून किंचित कमी अंतराने एकेक आकडा काढला जातो आणि तो ४ किंवा त्याहून लहान निघाला तरच राक्षस आपल्या मूळ जागी उठतो. ती जागा अडलेली असेल तर त्या खेपेस त्याचा जन्म तहकूब राहतो. हे आकडेही आगाऊ लिहून ठेवलेल्या २५६ आकड्यांच्या कोष्टकातून क्रमाने येतात. जे अगम्य वाटत होते ते ज्याला वाचता आले, त्याला ते तपासता येते, दुरुस्त करता येते आणि त्यातून नवेही रचता येते. म्हणूनच मूळ यंत्रे कालबाह्य झाल्यावरही जगभरच्या लोकांनी हा खेळ नव्या यंत्रांवर चालता ठेवला.

यावर कर्त्याच्या हक्काचा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. कारण श्रमाचे मोल न मिळाल्यास पुढची निर्मितीच खुंटेल. परंतु डूमच्या कर्त्यांनी चार वर्षे विक्री करून मग संहिता खुली केली, आणि चित्रे व नकाशे यांची मालकी आपल्याकडेच राखली, हे या आक्षेपाचे पुरेसे उत्तर आहे. याउलट ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले, आणि ज्यांनी तो रोख पैसे मोजून घेतला होता त्यांच्या हातातला खेळ एका दिवसात निकामी झाला.

दशावताराची स्वतःची रीत या संदर्भात मननीय आहे. त्याला लिखित संहिता नसते. आख्यानाचे कथासूत्र ठरते आणि संवाद नट आयत्या वेळी रचतात. ही विद्या बंदिस्त नाही. डोळे आणि कान उघडे ठेवून जो मंडळीबरोबर फिरेल त्याला ती मिळते. पण ती स्मृतीच्या आधाराने जगते, आणि जाणता नट गेला की तिचा एक भाग त्याच्याबरोबर जातो. एकीकडे दशावताराची खुली पण अलिखित, म्हणून नाशवंत विद्या, दुसरीकडे बंद खेळांची लिखित पण कुलूपबंद संहिता. लेखन आणि खुलेपणा यांचा योग जमला तरच विद्या पिढ्यांपार टिकते.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की खेळाच्या कर्त्याला वाजवी मुदतीपर्यंत पूर्ण हक्क द्यावा; परंतु ती मुदत संपताच, किंवा त्यापूर्वी त्याने खेळ बंद केल्यास तत्काळ, त्या खेळाचा सोर्स कोड सार्वजनिक दप्तरी दाखल करणे कायद्याने बंधनकारक असावे. हाच न्याय खेळांपलीकडेही लागू होतो: ज्या सरकारी कारभारात नागरिकाचे हक्क संगणक ठरवतो, तिथे तर अशा मुदतीचीही सवड नको; आपल्याविषयीचा निर्णय कोणत्या नियमाने झाला, हे वाचण्याचा अधिकार नागरिकाला पहिल्या दिवसापासून असला पाहिजे.