ग्रीक कोणाला म्हणावे?

अलेक्झांडरच्या मृत्यूपासून (इ.स.पू. ३२३) क्लिओपात्राच्या अंतापर्यंतच्या (इ.स.पू. ३०) जवळजवळ तीन शतकांना 'हेलेनिस्टिक काळ' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन इतिहासकार योहान गुस्ताव ड्रॉयसेन यांनी ही कल्पना रूढ केली. या काळात राज्यव्यवस्था, विद्या, धर्म, कला सारेच पालटले. त्यातला सर्वांत खोल बदल ग्रीकपणाच्या व्याख्येत झाला. जे जन्माने मिळत असे, ते शिकून मिळवता येऊ लागले.

आधीच्या ग्रीक जगाचा पाया नगरराज्य हा होता. इ.स.पू. ४५१मधील पेरिक्लीसच्या कायद्यानुसार आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील, तरच मुलाला नागरिकत्व मिळे. नागरिक सभेत मत देई, नगरासाठी लढे आणि नगराच्या देवतांची पूजा करी. अलेक्झांडरनंतर त्याच्या सेनापतींमध्ये चार दशके युद्धे चालली. त्यांतून इजिप्तमध्ये टॉलेमी, पश्चिम आशियात सेल्यूकस आणि मॅसिडोनियात अँटिगोनस यांची घराणी स्थिरावली. इ.स.पू. ३२२मध्ये पराभूत झालेल्या अथेन्सवर मॅसिडोनियाच्या अँटिपेटरने अट घातली की, दोन हजार द्राख्मांची मालमत्ता असणाऱ्यालाच पूर्ण नागरी हक्क मिळतील. नगरे पुढेही नांदली, त्यांच्या सभा भरत राहिल्या, उत्सवही होत राहिले. पण युद्ध आणि तह यांचा निर्णय बहुतेक ठिकाणी राजांच्या हाती गेला आणि रणांगणावर नागरिकांची जागा भाडोत्री सैनिकांनी घेतली.

नव्या राजांनी पूर्वेकडे शेकडो मैलांवर नगरे वसवली. तिथे वेगवेगळ्या ग्रीक बोली बोलणारे लोक एकत्र आले आणि मुख्यतः अथेन्सच्या बोलीवर आधारलेली 'कोइने' ही सामायिक भाषा सर्वत्र चालू लागली. बहुतेक नगरांत 'जिम्नॅझियम' असे. नावावरून ती आखाड्यासारखी वाटली, तरी तिथे व्यायामाबरोबर ग्रीक भाषा, काव्य आणि शिष्टाचार यांचे संस्कार होत. आजच्या अफगाणिस्तानात, आमू दर्याच्या काठी असलेल्या आय खानुम येथील उत्खननात अशीच एक वास्तू आणि नाट्यगृह सापडले. तेथील एका शिलालेखानुसार क्लिआर्कस नावाच्या माणसाने ग्रीसमधील डेल्फीच्या मंदिरातील नीतिवचने तिथे जाऊन काळजीपूर्वक उतरवून घेतली आणि इतक्या दूर आणून स्थापली. बालपणापासून मृत्यूपर्यंत माणसाने कसे वागावे, हे त्या वचनांत सांगितले होते. त्याच नगरातील मुख्य देवालयाची बांधणी मात्र पूर्वेकडच्या वळणाची होती.

विद्येचे केंद्र अथेन्सहून इजिप्तमधील अलेक्झांड्रियाकडे सरकले. टॉलेमी राजांनी तिथे 'म्युझियन' ही विद्वानांची संस्था आणि मोठे ग्रंथालय उभारले. कवी कॅलिमॅकसने ग्रीक ग्रंथकारांची १२० गुंडाळ्यांची सूची केली. एराटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ मोजला. दक्षिणेला सायीनी येथे उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली पडत नाही, पण अलेक्झांड्रियात त्याच वेळी सूर्यकिरण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतके तिरपे येतात. दोन नगरांतले अंतर ५,००० स्टेडिया (अंतराचे ग्रीक माप) धरले, तर परीघ २,५०,००० स्टेडिया होतो. राजाश्रयाने विद्येला साधने आणि सवड दिली, तसेच विद्वानाला दरबाराचे मिंधेपणही दिले.

नगराचा आधार सैल झाला, तसे तत्त्वज्ञान व्यक्तीकडे वळले. 'उत्तम राज्य कोणते' या प्रश्नाइतकाच 'मन शांत कसे राहील' हा प्रश्न मोठा झाला. एपिक्युरसने आपल्या बागेत मित्रांच्या सहवासातले निर्भय, साधे जीवन शिकवले. सायप्रसहून आलेल्या झेनोने अथेन्सच्या चित्रांकित ओसरीत शिकवायला सुरुवात केली. त्याच्या स्टोइक पंथाने विवेक असलेली सारी माणसे एकाच विश्वनगरीची रहिवासी मानली. रंगभूमीवर मेनँडरने राजकीय उपहास मागे ठेवून घरातली माणसे आणली, आणि 'तीखे' या दैवदेवतेची उपासना वाढली.

शिकून येणाऱ्या या ग्रीकपणालाही उंबरठा होता. इजिप्तमध्ये टॉलेमी दुसरा याच्या अर्थमंत्र्याचा झेनॉन नावाचा कारभारी होता. त्याच्या दप्तरात उंटांच्या कामावरील एका ग्रीकेतर नोकराचा अर्ज सापडला आहे. त्याची तक्रार अशी की, आपण परके, आपल्याला ग्रीक रीत जमत नाही, म्हणून आपली हेटाळणी होते आणि मजुरीही नीट मिळत नाही. भाषा सर्वांसाठी खुली होती, पण ती शिकायला लागणारी सवड आणि पैसा मोजक्यांकडेच होता. इजिप्तवर टॉलेमींनी जवळजवळ तीनशे वर्षे राज्य केले, तरी प्लुटार्कच्या म्हणण्यानुसार क्लिओपात्राच्या आधीच्या राजांनी प्रजेची भाषा शिकण्याची तसदी घेतली नव्हती.

जिथे ग्रीकांनी इतरांकडून शिकण्याची तयारी ठेवली, तिथे दोन्ही बाजू समृद्ध झाल्या. कंदाहारला सम्राट अशोकाचा लेख ग्रीक आणि अरामी भाषांत कोरलेला आहे. त्यात 'धम्म' या शब्दासाठी 'युसेबिया', म्हणजे श्रद्धापूर्ण सदाचरण, हा ग्रीक शब्द योजला आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्षशिलेचा यवन, म्हणजे ग्रीक, दूत हेलिओडोरस याने विदिशेजवळ वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि स्वतःला 'भागवत', म्हणजे वासुदेवाचा भक्त, म्हणवले. पुढे कार्ल्याच्या लेण्यांतील खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे कोरली गेली. त्यांतली बरीच नावे भारतीय वळणाची आहेत.

इ.स.पू. १४६मध्ये रोमनांनी कॉरिंथ उद्ध्वस्त केले आणि इ.स.पू. ३०मध्ये इजिप्त जिंकले. राजघराणी संपली, पण कोइने भाषा टिकली. ख्रिस्ती धर्माचा नवा करार याच भाषेत लिहिला गेला, आणि तो लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण जन्माने ग्रीक नव्हते.