बालवाडीचें माप

लातूरचें नांव आज महाराष्ट्रांत गुणपत्रिकेमुळें गाजतें. ह्या भागांत अंगणवाडीचा विषय निघाला, कीं सुशिक्षित गृहस्थ प्रथम विचारतो : ‘ह्या पोरांना पुढें शाळेंत ह्याचा कांहीं उपयोग होतो काय?’ मीहि तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविलीं आहेत. हा मोह मला चांगला ठाऊक आहे. प्रश्न गैर नाहीं. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे. परंतु माप कोणतें, आणि तें लावावयाचें केव्हां?

१९६२ पासून अमेरिकेंत इप्सिलँटी गावीं एक प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांपैकीं ५८ मुलें बालशाळेंत घेतलीं; ६५ घेतलीं नाहींत. बुद्धिमापनांतील पहिल्या गटाची आघाडी थोड्याच वर्षांत विरून गेली. त्याच वेळीं निकाल दिला असता, तर प्रयोग फसला असेंच ठरतें. परंतु चाळिशीच्या वयांत पुन्हां चौकशी झाली, तेव्हां बालशाळेंत गेलेल्यांत रोजगार अधिक व अटकेचे प्रसंग कमी आढळले. पेरणीनंतर चौथ्याच दिवशीं माती उकरून पाहणारा शेतकरी शहाणा नव्हे.

आणि चाळिशींतहि फरक दिसला नसता, तर? तीं गाणीं, तो पोटभर घांस, ती माया वायां गेली म्हणावयाचें काय? आपल्या मुलांना आपण गोष्टी सांगतों, त्या पुढील मिळकतीकडे पाहून नव्हे. मग गरिबाच्या मुलाच्याच हंसण्याची पावती मागणें हा कोठला न्याय? बाल्य ही तारुण्याची नुसती पायरी नव्हे. तेंहि आयुष्यच आहे.

म्हणून माप टाकूनच द्यावें काय? नाहीं, मग कुलूप लावलेली अंगणवाडीहि चाललेली ठरेल. माप बदलावें. १९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. मुलें बालवाडींत येत ना, तेव्हां ताराबाईंनीं बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. अंगणवाडी ती हीच. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेंत तें नांव देशभर गेलें. त्यामागचा विचारहि गेला काय?

नांदेड-लातूरकडील कित्येक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. गांवच्या हजेरीपटावर मुलाचें नांव राहतें. मूल मात्र फडाच्या बांधावर बसलेलें असतें. परीक्षकानें हजर मुलांचे गुण मोजण्यापूर्वी हें गैरहजर मूल कोठें आहे तें विचारावें, आणि अंगण त्याच्यामागें गेलें काय तें पाहावें. ह्या उत्तराला चाळीस वर्षें थांबावें लागत नाहीं. अडचण एवढीच, कीं ह्या परीक्षेंत नापास होण्याची पाळी मुलांवर न येतां आपणांवर येते.