न वाजलेलं पिस्तूल

गेल्या गणपतीत माळा साफ करताना पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांचं पिस्तूल सापडलं. घरात ते आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पाहिलं कोणीच नव्हतं. धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं, तळहातापेक्षा जरा मोठं, सहा घरांचं. म्हणजे खरं तर रिव्हॉल्व्हर, पण आमच्याकडे त्याला पिस्तूलच म्हणतात. काकांना ते काचेच्या पेटीत घालून हॉलमध्ये लावायचंय, शेजारी त्याचीच एक गोळी. "तू इंजिनिअर ना? बरोबर गोळी कुठली ते शोध," म्हणाले.

मी व्हर्नियर लावला. घराचा व्यास नऊ मिलिमीटरच्या आसपास भरला. पण घोडा सपाट होता, गोळीच्या बुडाला ठोकणारं टोकच नाही. तुटलं असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. मग लक्षात आलं की प्रत्येक घराच्या मागच्या कडेला एक बारीक खाच आहे. आणि लंबगोलात कोरलेली अक्षरं, ईएलजी. हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीचा शिक्का. तुटलं काहीच नव्हतं. हे पिनफायर होतं.

१८३०च्या दशकात काझिमिर लफोशो या फ्रेंच माणसाने काढलेली ही पद्धत. यात पिन बंदुकीत नसते, गोळीतच असते. काडेपेटीच्या काडीसारखी बाजूने बाहेर आलेली, खाचेत बसणारी. घोडा वरून तिच्यावर आदळतो आणि आतली दारू पेटते. पुढे बुडाच्या मध्यावर ठोकायच्या गोळ्या आल्या आणि ही पद्धत मागे पडली. आज परवान्यावर मिळणारी .३२ची गोळी यात गेली तरी वाजणार नाही. सपोर्ट बंद झालेलं सॉफ्टवेअर म्हणजे काय, ते मला हातात धरून कळलं.

गोळीचा प्रश्न नुसता शोभेचा नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याचं ४५वं कलम जुन्या, कालबाह्य हत्यारांना सूट देतं, पण दुरुस्त करूनही ती वापरता येत नसतील तरच. आमचं कशात बसतं ते ठरवणं आमचं काम नाही, म्हणून पोलीस ठाण्यात लेखी कळवलं आहे. पण ते कलम वाचून मला बरं वाटलं होतं. कायद्याच्या लेखी जे उडत नाही ते हत्यार नाही. माझंही तेच मत होतं.

पणजोबा खोत होते. पोयनाडच्या बाजूला आमचं गाव, आणि चरी तिथून जवळच. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली तिथल्या कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला आणि तो संप १९३९पर्यंत चालला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं, प्रत्यक्षात ती कायद्याने जायला १९४९ उजाडलं. आमच्या घरात यातलं एवढंच सांगतात की पणजोबांनी कधी कुणावर हात उचलला नाही. पिस्तूल होतं, तरी एकदाही वाजवलं नाही.

ट्रंकेत त्यांची खर्चाची वहीसुद्धा होती. तंबाखू, कंदिलाची काच, बैलाची वेसण, सगळं पैशापैशाने लिहिलेलं. गोळ्या घेतल्याची एकही नोंद नाही. म्हणजे कदाचित ते कायम रिकामंच होतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

मग गावातल्या ऐंशी ओलांडलेल्या एका आजींकडे गेलो. त्यांचे वडील संपात होते. पिस्तुलाचं नाव काढताच त्या हसल्या. खंडाचं भात मोजायच्या दिवशी खोत खळ्यावर गादी टाकून बसायचे आणि पिस्तूल पानाच्या डब्याशेजारी ठेवायचे. वडील सांगायचे, खोताच्या माणसाचं लक्ष मापाकडे आणि आमच्या सगळ्यांचं पिस्तुलाकडे.

"वाजवलं का कधी?" मी विचारलं.

"नाय रे बाला. कशाला वाजवतील?"

मी त्यांना सांगितलं नाही की ते बहुतेक रिकामं होतं. सांगून काय झालं असतं? रिकामं असल्याचं फक्त पणजोबांना ठाऊक होतं. समोरच्यांसाठी ते दर वर्षी भरलेलंच होतं. निष्पाप कोण हे ठरवताना मी पणजोबांना काय माहीत होतं तेवढंच धरत होतो, कारण वही त्यांची होती आणि ट्रंकही आमच्या माळ्यावर होती. खळ्यावर उभ्या असलेल्या माणसाने वही लिहिली नाही. धमकीचा गुन्हा व्हायला बंदूक भरलेली लागत नाही, हे तर कायदाही मानतो. फक्त ते दुसऱ्या पुस्तकात आहे आणि मी ते उघडलं नव्हतं.

उलट वाटतं, भरलेलं असतं तर कदाचित त्यांनाही त्याची थोडी भीती वाटली असती. रिकामं होतं म्हणून निर्धास्तपणे पानाच्या डब्याशेजारी ठेवता आलं. पण हे मला अजून पूर्ण पटलेलं नाही. एखादा माणूस मुद्दाम गोळ्या विकत घेत नाही यात काहीच चांगुलपणा नाही, असं म्हणायला जीभ रेटत नाही. तो माझा पणजोबा आहे म्हणून रेटत नाही, की खरंच तसं आहे, ते मला वेगळं करता येत नाही.

रविवारी काकांना सगळं सांगितलं. पिनफायर, लिएज, वही, खळं, आजी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पेटीचं माप लिहिलेला कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि जरा वेळाने विचारलं,

"मग पेटीत शेजारी काय ठेवायचं?"

मी म्हटलं, "माप मिळालं तर बघा. भात मोजायचं."

काका काही बोलले नाहीत. चहा गार झाला म्हणून काकूने परत गरम करायला नेला.