सम्राटाच्या घरात दोरीवरचं धुणं

क्रोएशियातल्या स्प्लिटमध्ये रोमन अवशेष पाहायला गेलं, की आधी लोकांची धुणी दिसतात. सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्यात सामान्य माणसं अजून संसार करतात.

इ.स. 305 मध्ये डायोक्लेशियननं आपणहून गादी सोडली. त्याआधी कुठल्याच रोमन सम्राटानं असं केलं नव्हतं. उरलेले दिवस काढायला त्यानं जन्मभूमीत, समुद्राकाठी, सुमारे तीस हजार चौरस मीटरचं घर आधीच बांधायला घेतलं होतं. दगड समोरच्या ब्राच बेटाचा, स्फिंक्स थेट इजिप्तचे. विरक्तीलाही ऐपत लागते.

मरणानंतरची सोयही त्यानं करून ठेवली : अष्टकोनी समाधिमंदिर. त्याच्याच राजवटीत, 304 मध्ये, शेजारच्या सलोना शहराचा बिशप डोम्नियस मारला गेला. आज ते समाधिमंदिर संत डोम्नियसचं कॅथेड्रल आहे. सम्राटाची शवपेटी कुठं गेली, कुणालाच ठाऊक नाही. यात काळाचा न्याय शोधायचा मोह होतो. मला तो पटत नाही. लोकांना प्रार्थनेला छप्पर हवं होतं, ते आयतं मिळालं. वापरात राहिलं म्हणून टिकलं.

सातव्या शतकात सलोना पडलं. जीव घेऊन पळालेली माणसं या तटबंदीत शिरली ती वारसा जपायला नव्हे. त्यांनी खांबांमध्ये भिंती घातल्या, भिंतींत खिडक्या फोडल्या आणि घरातला केरकचरा, सांडपाणी खालच्या तळघरांत सोडलं. शतकानुशतकं. तळघरं गच्च भरली आणि म्हणूनच वाचली. रिकामी असती तर कुणीतरी त्यांचीही मोडतोड केली असती. विसाव्या शतकात ती उपसली, तेव्हा दालनांमागून दालनं निघाली. वरचा सम्राटाचा राहता मजला बराचसा नष्ट झालाय, पण तळघरातल्या भिंती त्याच आखणीवर उभ्या आहेत. सम्राट कुठल्या दालनातून कुठल्या दालनात जायचा, हे दरबारी बखरकारानं नाही, उकिरड्यानं सांगितलं.

जपणुकीचं श्रेय आपण श्रद्धेला देतो. इथं ते गरजेचं आणि गलथानपणाचं आहे.

1979 पासून हा राजवाडा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. दगडाला आता धोका कमी. पण आतली घरं एकेक करून पर्यटकांना भाड्यानं जाऊ लागली आहेत आणि राहणारे बाहेर पडताहेत. तेव्हा गेलात तर राजवाड्यातल्या चौकाच्या पायऱ्यांवर बसून कॉफी जरूर प्या, तळघराचं तिकीट चुकवू नका, मुक्कामाची खोली मात्र तटाबाहेर घ्या.