आजार रचणाऱ्याचे दुखणे

शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथातील तेराव्या अध्यायात दाविदाचा पुत्र अम्नोन आजाराचे सोंग घेऊन अंथरुणास खिळतो, आणि शुश्रूषेच्या निमित्ताने बहीण तामार हिला आपल्या खोलीत बोलावून घेतो. पुढचा अत्याचार वाचकांस ठाऊक आहे. येथे निवाडा अवघड नाही. सोंग हे साधन आणि हेतू पापाचा. कोठडी टाळण्यासाठी छातीत कळ आणणारा आरोपीही त्याच वाटेचा.

परंतु ज्याला अशी कोणतीच प्राप्ती नको, केवळ आजारी म्हणून राहायचे आहे, त्याचे काय? १९५१ साली रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांचे वर्णन केले. खोट्या दुखण्याची नाट्यमय कहाणी सांगत ते एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात भटकत. कित्येकांच्या पोटावर शस्त्रक्रियांचे वणच वण होते. थापांच्या कथांतून गाजलेल्या मुंचहाउसेन या जर्मन सरदाराचे नाव ॲशर यांनी या विकाराला दिले. मला ते नाव रुचत नाही. निव्वळ थापाड्या आपली कूस सुरीखाली देत नाही.

हे पाप की रोग? शब्दाने बोललेले असत्य आणि कृतीने दाखविलेले असत्य यांत संत थॉमस अक्वायनस तत्त्वतः भेद करीत नाहीत. म्हणजे लबाडी ही लबाडीच. तथापि भय, सवय आणि मनाची विकृती यांमुळे कर्त्याची जबाबदारी उणावते, असे १९९२ सालची धर्मशिकवणही सांगते. कृत्य वाईट म्हणावे आणि माणसाला मात्र गुन्हेगार ठरवण्याची घाई करू नये, हे दोन्ही एका वेळी साधणे कठीण आहे.

बालकाच्या बाबतीत तर फारच कठीण. १९७७ साली डॉक्टर रॉय मेडो यांनी दोन मातांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीने मुलीच्या लघवीच्या नमुन्यांत भेसळ करून तिला आजारी ठरविले; दुसरीने मुलाला पुनःपुन्हा मीठ चारले आणि ते मूल दगावले. अशा घरी भोळा विश्वास ही दया नव्हे. पण याच मेडो यांनी १९९९ साली सॅली क्लार्क या मातेविरुद्ध चुकीच्या आकडेमोडीची साक्ष दिली. दोन पुत्रांच्या हत्येबद्दल तिला शिक्षा झाली. २००३ साली ती रद्द ठरली आणि २००७ साली ती खचलेली स्त्री मरण पावली. संशयालाही बळी लागतात.

म्हणून निदान डॉक्टरांकडे सोपवावे. आपल्याकडे उरतो तो निराळा प्रश्न: धडधाकट माणसाची विचारपूस आपण करतो का? आजाऱ्याला पेज मिळते, शेजार मिळतो, कम्युनियन घेऊन धर्मगुरू घरी येतो. मसुऱ्यात अशी घरे आहेत, जेथे मुले मुंबईस आणि म्हातारी एकटी. ती खोटे बोलते असे मी म्हणत नाही. गुडघा खरोखरच दुखतो. पण रविवारी मुलाचा फोन येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘आये, गोळी घेतलंस काय?’ आणि बहुधा तोच शेवटचा.