समान सूत्र, असमान सेवा

निवृत्तिवेतन हे उपकार की हक्क, या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात दिला : ते दान नव्हे, केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क होय. आम्हांस त्यापुढील प्रश्न पडतो. शिक्षक आणि शिक्षिका यांचा हा हक्क खरोखरीच समान आहे काय?

नियमांत भेद दिसत नाही. महाराष्ट्राच्या १९८२ च्या नियमांनुसार हिशेब होतो तो वेतनाचा व सेवाकालाचा; कुटुंब निवृत्तिवेतन विधवेप्रमाणे विधुरासही मिळते. इंग्लंडमध्ये शिक्षिकेच्या विधुरासाठी तिची एप्रिल १९८८ पूर्वीची सेवा सामान्यतः धरली जात नसे; हा भेद दूर करण्याचे तेथील सरकारने २०२० साली मान्य केले. त्या मानाने आपले नियम उदार आहेत.

मग उणीव कोठे आहे? ती सेवाकालातच आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये जेथे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले, त्या कोल्हापुरातील दोन शिक्षकांची कल्पना करू या. दोघेही १९९५ मध्ये रुजू झाले. त्याची बदली गगनबावड्यास झाली. घर पत्नीने सांभाळले. तिची बदली झाली, तेव्हा तान्हे मूल व आजारी सासू यांच्यासाठी तिने २००२ मध्ये राजीनामा दिला. राजीनाम्याने पूर्वीची सेवा जप्त होते. २००७ मध्ये ती पुन्हा रुजू झाली, तोवर १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नेमणुकांसाठी जुनी योजनाच बंद झाली होती. सूत्र एकच, पण म्हातारपण दोन तऱ्हांचे!

काम न केलेल्या वर्षांचा मोबदला का द्यावा, असे कोणी विचारील. तो आम्ही मागत नाही. केलेली सात वर्षे का पुसावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे. शिवाय त्याची सेवा अखंड राहिली, ती घरी दुसरे कोणी खंडित झाले म्हणूनच ना?

राज्याने २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, तीही पुरुषास केवळ पत्नी हयात नसल्यास अथवा अंथरुणास खिळली असल्यास. मूल सांभाळणे हे आईचेच काम, हे येथे गृहीतच धरले आहे.

परंतु दोष एकट्या शासनास कसा द्यावा? नोकरी कोणी सोडावी, हा प्रश्न आमच्या घरांत कधी विचारला तरी गेला काय? उत्तर आधीच ठरलेले असे, आणि त्याची किंमत तिने साठीनंतर मोजली.